गुंडातात्यांची पिणारी गाडी

बेलखडीत खरं बोलणारी माणसं पुष्कळ होती. पण कुणी न विचारता खरं बोलणारा माणूस एकच, गुंडातात्या होवाळ. त्यामुळं गावाला त्यांचा अभिमानही होता आणि तापही. सांगलीच्या पेठेत गुळाची गाडी लावली की व्यापाऱ्यानं ढेपा ठोकून बघायच्या आधीच तात्या सांगून मोकळे व्हायचे, "खालच्या थरातल्या दोन ढेपांना वल लागलीया बगा." गुळाचा मालक शेजारीच उभा असायचा. तो तात्यांच्या पायावर पाय देऊन देऊन दमायचा, पण तात्यांच्या पायात लष्करी बूट. पुढच्या खेपेला तो मालक दुसऱ्याची गाडी बघायचा.

गाव साताऱ्याची शीव संपून सांगलीची सुरू होते तिथलं, कृष्णाकाठ सोडून चार मैल आत, एका खिंडीच्या पलीकडं. तात्यांचा बाप सटवा होवाळ. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापर्यंत तो बरा पिणारा होता. दीक्षा घेताना पाच शीलं म्हटली. त्यातलं पाचवं म्हणजे दारू आणि नशेच्या चिजांना शिवणार नाही. सटवानं ते म्हटलं आणि मग त्याला आठवण झाली की कामावरून घरी येताना वाटेवर गुत्ता आहे. स्वतःवर त्याचा एवढाही विश्वास नव्हता. म्हणून तो त्या दिवसापासून बांधाबांधानं अर्धा मैल वळसा घालून घरी येऊ लागला. पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवत यायचा. गुत्ता पुढं बंद पडला, पण सटवाचा वळसा मरेपर्यंत चुकला नाही. तात्यांची आई राहीबाई म्हणायची, "ह्येंच्या चालण्यानं बांधाची पायवाट झाली, तिच्यावरनं आता गाव चालतंय."

अशा बापाचा मुलगा लष्करात गेला, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. तिथं थंडीच्या ठाण्यावर जवानाला रम मिळते. तात्यांनी घेतली नाही. सुभेदार म्हणाला, तुला नको तर दुसऱ्याला दे. तात्या म्हणाले, दुसऱ्याला दिली तर पाजल्यासारखं होईल. सुभेदारानं कपाळावर हात मारला. त्या तुकडीत तात्यांच्या वाटणीची रम वीस वर्षं सरकारजमा होत राहिली. सोबत्यांना त्याचं जेवढं दुःख झालं तेवढं शत्रूच्या तोफांचंही झालं नसेल.

हवालदार होऊन निवृत्त झाल्यावर तात्यांनी लष्कराच्या लिलावात एक जुनी पिकअप उचलली. एक टन माल नेणारी, चिलखतासारख्या पत्र्याची, आणि पेट्रोलवर चालणारी. गाडीच्या बाबतीत शेवटची गोष्ट मोलाची. आमच्या भागात सगळे टेम्पो डिझेलचे. त्यात ही बया लिटरला चार किलोमीटर द्यायची, तेही उताराला. तात्यांचं अर्धं आयुष्य असल्याच गाड्यांच्या पोटाखाली गेलेलं. डोळे झाकून ते तिचा नट न नट ओळखायचे, म्हणून त्यांनी ती घेतली. बायको भामाबाई म्हणाली, "वळखीची हाय म्हणून घरात आणली, आता खायला काय घालणार?" तिचा प्रश्न बरोबर होता. पहिली पाच-सहा वर्षं गाडीनं जेवढं कमावलं तेवढं पिऊन टाकलं.

उत्तर सापडलं साखर कारखान्यावर. तिथं मळीपासून स्पिरिट गाळायचे, आणि त्या डिस्टिलरीत जयराज नावाचा तरुण केमिस्ट नवा आला होता. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की परदेशात उसाच्या स्पिरिटवर मोटारी पळतात. आपल्याकडंही पळवून दाखवायची त्याला फार हौस. पण प्रयोगाला कोण आपली मोटार देणार? संचालकांनी आपापल्या मोटारींवर हात ठेवून नकार दिला. मग कुणीतरी तात्यांचं नाव सांगितलं.

"तात्या, गाडी बिघडली तर मी जबाबदार," जयराज म्हणाला.

"बिघडली तर मीच नीट करणार की," तात्या म्हणाले. "पन मला येक सांगा सायेब. ही दारूच न्हवं?"

"दारू नाही हो, इंधन."

"इंधन कशानं?"

जयराज खरा माणूस होता. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पाणी घातलं तर दारू. गाडीत घातलं तर इंधन."

तात्यांनी यावर दोन दिवस विचार केला. शील माणसानं पाळायचं असतं. गाडीला तोंड आहे पण मन नाही, आणि मन नाही त्याला नशा कुठली? तिसऱ्या दिवशी ते तयार झाले. भामाबाईला त्यांनी आधी विचारलं, कारण तिनं गावातल्या बाया गोळा करून देशी दारूचं दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद पाडलं होतं. ती म्हणाली, "माणसाच्या पोटात जाऊन घर जाळण्यापरास इंजनात जाऊन जळलेली बरी."

आता स्पिरिट म्हटलं की सरकारचा परवाना आला. तात्या आणि जयराज एका सरकारी हापिसात गेले. ते कुठलं, हे सांगत नाही. तिथला कारकून बाळासो भला माणूस होता. त्यानं ठरलेला छापील अर्ज पुढं केला. अर्जदाराचं नाव, वय, वडिलांचं नाव, मद्य कशासाठी हवं, दररोज किती.

"तुमच्या नावावर करू या," बाळासो म्हणाला. "कशासाठी, तर प्रकृतीसाठी. दोन मिंटांत मोकळं."

"मी पीत न्हाई."

"आवं तात्या, कागदावर."

"कागदावर बी पीत न्हाई."

"मग कोण पितंय?"

"गाडी."

बाळासोनं जयराजकडं बघितलं. जयराजनं खिडकीबाहेर बघितलं. शेवटी बाळासोनं पेन तात्यांच्या हातात दिलं, म्हणाला, लिवा तुमच्या हातानं. तात्यांनी लिहिलं. नाव: पिकअप गाडी, आणि पुढं नंबर. वय: चोवीस. वडिलांचं नाव: भारतीय सैन्य. मद्य कशासाठी: चढावर दम लागतो. दररोज किती: वीस लिटर. अर्ज वर गेला आणि तिथून शेरा लागून खाली आला की अर्जदारानं समक्ष हजर राहावं. दुसऱ्या खेपेला तात्यांनी अर्जदार हापिसाच्या दारात नेऊन उभा केला. साहेब खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि हसू आवरेना तेव्हा सही करून गेले. परवाना गाडीच्या नावावर आला. असा परवाना मिळालेलं दुसरं वाहन आमच्या तरी ऐकण्यात नाही.

मग गाडीला पिण्याची सवय लावायचं काम सुरू झालं. आधी तात्यांनी निम्मं पेट्रोल आणि निम्मं स्पिरिट एकत्र घातलं. पण स्पिरिटात थोडं पाणी असतंच. त्यामुळं टाकीत दोघांचं फाटलं, पेट्रोल वर आणि स्पिरिट खाली, आणि गाडी तासगावच्या चौकात बसली. तेव्हा तात्यांनी दोघांच्या चुली वेगळ्या केल्या. मोठ्या टाकीत स्पिरिट, बॉनेटखाली दोन लिटरच्या डब्यात पेट्रोल, मध्ये दोन तोंडांचा कॉक. थंड इंजिन स्पिरिटवर उठत नाही, म्हणून सकाळी पेट्रोलचा घोट द्यायचा. गरम झालं की कॉक फिरवून स्पिरिटवर घ्यायची. स्पिरिटनं रबराचे पाइप फुगवले, ते काढून तांब्याचे बसवले. टाकीतला चोवीस वर्षांचा गंज सोडवून आणला, तो फडक्यानं गाळगाळून काढला. स्पिरिट जास्त लागतं म्हणून कार्बोरेटरचं तेल सोडणारं बारीक भोक, त्याला जेट म्हणतात, ते घासून मोठं केलं. हे सगळं झाल्यावर ती गाडी अशी चालायला लागली की तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिंडीचा चढ ती पूर्वी कण्हत चढायची. आता विडा खाऊन निघाल्यासारखी चढू लागली.

पण शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात. गाडीच्या मागं आंबूस वास सुटायचा. सांगलीत एका पोलिसानं थांबवलं आणि म्हणाला, तोंड उघडा. तात्यांनी उघडलं. त्याला काही वास लागेना, तरी वास तर येत होता. तात्या म्हणाले, "मी न्हाई पेलो, ती पेलीया." पोलिसाला वाटलं, हा फारच पुढं गेलेला दिसतो. परवाना दाखवल्यावर त्यानं तो दोनदा वाचला आणि आपल्या साहेबाला दाखवायला घेऊन गेला. गावात दुकान बंद झाल्यापासून तहानलेली मंडळी तात्यांच्या अंगणात येऊन गाडीची विचारपूस करू लागली. स्पिरिटात सरकारी नियमानं घाण वासाचं औषध घातलेलं असायचं, पिणारा मरेल असं. तरी तात्यांनी टाकीला कुलूप लावलं. ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही त्याच्या कमरेला दारूच्या कुलपाची किल्ली लटकू लागली, आणि लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याचं काहीतरी चाललंय.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सत्त्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेला विहारात मूर्ती बसायची होती.

विहार बांधायला दहा वर्षं लागली होती. कुणी विटा दिल्या, कुणी नुसते हात दिले. तात्यांनी वाळूची एकूण एक खेप आपल्या गाडीनं फुकट टाकली होती. मूर्ती सांगलीत एका मूर्तिकाराकडं तयार होती, चार फुटी, पांढऱ्या दगडाची. ती आपल्या गाडीतून यावी एवढी एकच गोष्ट तात्यांनी आयुष्यात मागितली. त्याला कारण होतं. ते लहान असताना आजारी आजीला दवाखान्यात न्यायला बाप गाडी-बैल मागायला गेला होता. दुसऱ्याच्या अंगणाबाहेर उभा राहून त्यानं अर्धा दिवस वाट बघितली, आणि बैल मिळाले तेव्हा आजीला गरज उरली नव्हती. मूर्ती यावी ती आपल्या माणसाच्या गाडीतून, कुणाच्या उपकारानं नाही, हे तात्यांच्या मनात तेव्हापासून होतं म्हणा ना.

विहार कमिटीचे अध्यक्ष आबा धेंडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी बैठकीत चष्मा काढून हातात घेतला, तेव्हाच तात्यांनी ओळखलं.

"गुंडा, तुझ्याबद्दल कुणाचं काय म्हणणं न्हाई," आबा म्हणाले. "पन गाडी पिती."

"आबा, ती पिऊन सुदीत चालती. पेट्रोलवरच झोकांड्या देती."

"त्ये खरं असंल. पन मूर्ती आणायची, आनि मागनं दारूचा वास. लोक काय म्हणतील? बुद्ध आला त्यो गुत्त्यातनं आला?"

मग बराच वाद झाला. गाडीला मन आहे का, शील यंत्राला लागू होतं का, बैल पेंड खातो ती कुणी तपासतं का. शेवटी एकजण म्हणाला की भाऊसो बागाइतदारांनी आपला ट्रॅक्टर देऊ केला आहे. ते खरंच होतं. भाऊसो मोठ्या मनाचा माणूस. दिवस मावळला की ते बाटली उघडायचे आणि झोप लागेपर्यंत मिटायचे नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण त्यांचा ट्रॅक्टर डिझेलवरचा, म्हणजे निर्व्यसनी. मालक तर्र आणि ट्रॅक्टर शुद्ध, ते चालेल. मालक शुद्ध आणि गाडी पिणारी, ते चालायचं नाही. हा न्याय तात्यांच्या जिव्हारी लागला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः घरी आले. तेही वाईट नव्हते. त्यांनी तोड काढली होती: त्या दिवसापुरती गाडी पेट्रोलवर चालवायची. मोठी टाकी रिकामी करून धुवायची, कमिटीच्या पैशानं पेट्रोल भरायचं, आणि स्पिरिटचा थेंब वापरायचा नाही. "येक दिस तिलाबी शील पाळू दे," आबा म्हणाले. "न्हाई जमलं तर सांग, ट्रॅक्टर खिंडीच्या वर उभाच ऱ्हाईल."

"दिला शब्द," तात्या म्हणाले.

टाकी त्यांनी तीनदा धुतली. किती पेट्रोल लागेल याचा हिशोब करताना मोठं केलेलं जेटही धरलं, कारण ते मिस्तरी होते. जायचे पन्नास किलोमीटर, यायचे पन्नास, अधिक थोडं वर. एकच गोष्ट धरली नाही, ती म्हणजे माणसांचं प्रेम.

सांगलीत मूर्ती गाडीत चढली आणि तिथल्या वस्त्यावस्त्यांतल्या मंडळांना कळलं. चौकाचौकात गाडी थांबवली जाऊ लागली. हार, फुलं, सरबत, घोषणा. बाया मूर्तीच्या पायांना हात लावायला ओट्यावरून उतरून यायच्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि इंजिन बंद केलं तर परत लवकर उठेल याची खात्री नाही म्हणून तात्यांनी ते बंद केलं नाही. मोठ्या जेटमधून पेट्रोल नळासारखं वाहत होतं, मागं काळा धूर. तीन तास असे गेले. तात्यांना एकीकडं भरून येत होतं आणि दुसरीकडं त्यांची नजर टाकीच्या काट्यावर होती, पण गर्दीतून पंपाकडं वळायला वाट नव्हती. पुढं पलूसच्या पंपावर थांबावं म्हटलं तर तिथं पाटी, पेट्रोल संपले आहे.

दुपारी खिंडीच्या पायथ्याला आले तेव्हा काटा तळाला टेकला होता. मागं बसलेली पोरं आणि कमिटीची माणसं रिवाजाप्रमाणं उतरून पायवाटेनं पुढं गेली. ओझ्याची गाडी त्या चढाला लागली की माणसं उतरतात, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मूर्तीला छत्री धरून एकटी भामाबाई मागं बसून राहिली. अर्धा चढ चढून गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

तात्यांनी चाकाला दगड लावला आणि बघितलं. मोठी टाकी कोरडी. बॉनेटखालच्या डब्यातलं पेट्रोल सकाळी चालू करण्यात आणि चौकाचौकात गेलेलं. वरून लेझीमचा आवाज येत होता. वर अख्खी बेलखडी उभी होती, निळे झेंडे लावून, पांढरे कपडे घालून, उन्हात. आणि त्यांच्या बाजूला भाऊसोंचा ट्रॅक्टर, धुऊन पुसून, फुलांची तोरणं लावून. तात्यांनी नुसती हाक मारली असती तर तो खाली आला असता.

सीटच्या मागं दहा लिटरचा कॅन होता. अडीअडचणीला जादा तेल बाळगायचंच ही वीस वर्षांची लष्करी सवय, त्यांनी तो ठेवला होता हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यात स्पिरिट होतं.

ते कॅन हातात घेऊन उभे राहिले. एकदा वर बघितलं, एकदा मूर्तीकडं. मूर्तीचे डोळे अर्धे मिटलेले. तिथून काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"काय ओ?" भामाबाईनं विचारलं.

"संपलं."

"मग?"

त्यांनी कॅन दाखवला. भामाबाईनं तो बघितला. दारूच्या दुकानाला स्वतःच्या हातानं कुलूप लावलेली ती बाई. तिनं छत्री जरा खाली घेतली, म्हणाली, "मी मूर्तीकडं बगतीया. मला मागचं कायबी दिसत न्हाई." आणि खरंच पाठ फिरवून बसली.

तात्यांनी कॅन टाकीत ओतला. इंजिन तापलेलं होतंच, पहिल्या झटक्याला उठलं. सकाळपासून पेट्रोलवर ठेचकाळत असलेली ती गाडी आपलं तेल मिळताच जी निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वर आली. लेझीम थांबली, मग दुप्पट जोरानं सुरू झाली. बाया मेणबत्त्या आणि फुलं घेऊन पुढं आल्या. आबा गाडीच्या खिडकीशी आले, डोळे भरलेले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि त्यांनी हळूच विचारलं, "गुंडा, पेट्रोलवरच न्हवं?"

"व्हय," तात्या म्हणाले.

एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा. जीभ जरासुद्धा अडखळली नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

खिंडीपासून विहारापर्यंत मिरवणूक कशी गेली ते त्यांना नंतर कधी आठवलं नाही. लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. भाऊसोंनी त्यांना हार घातला, म्हणाले, "तात्या, मानलं गड्या तुमाला." मूर्ती उतरवली, ओट्यावर बसवली. भन्तेजी साताऱ्याहून आले होते. तात्यांना सगळ्यांत पुढं बसवलं, भामाबाई बायांच्या बाजूला. भाऊसो पाहुणे म्हणून भिंतीशी खुर्चीवर.

भन्ते एकेक शील सांगू लागले आणि लोक पाठोपाठ म्हणू लागले. म्हणजे खरं तर तात्या म्हणत होते आणि लोक त्यांचा आवाज धरून चालले होते. कवायतीच्या मैदानावर घडलेला तो आवाज, त्याच्यामागं म्हणणं सोपं. पहिलं झालं, हिंसा करणार नाही. दुसरं, चोरी करणार नाही. तिसरं झालं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही.

तात्यांचा आवाज आला नाही. पुढचा आवाज नाही म्हटल्यावर मागचेही थांबले. भन्तेंना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं. तात्या उठून उभे राहिले, सावधानमध्ये राहतात तसे.

"भन्ते, ह्ये म्हणायच्या आदी येक सांगायचं हाय," ते म्हणाले. "खिंडीत पेट्रोल संपलं. मी स्पिरिट वतलं. आबांनी इचारलं तवा पेट्रोल हाय म्हणालो. खोटं बोललो. शब्द दिला हुता, त्यो मोडला."

आबा लालबुंद झाले. "आरं, ह्ये आत्ता सांगायचं व्हय?" ते म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण! मूर्ती बसली की रं! आता काय परत खिंडीत न्हिऊन सोडू?"

"सोडू नगा. मूर्तीचा काय गुना? माझ्या गाडीनं आनली असं तेवडं म्हणू नगा. ट्रॅक्टरनं आनली म्हणा."

हे बोलताना मात्र त्यांचा आवाज चिरकला. ज्या गोष्टीसाठी ते खोटं बोलले ती गोष्ट ते स्वतःच्या हातानं परत करत होते. बायांच्या बाजूनं भामाबाईचा आवाज आला, "ट्रॅक्टरनं आनली म्हटलं तर त्ये आनि दुसरं खोटं हुईल. आनि वतताना मी हुते. मी बगितलं न्हाई, कारन बगायचं नव्हतं."

भन्ते वयानं तरुण होते. त्यांनी मूर्तीकडं बघितलं नाही, आबांकडं बघितलं नाही. ते तात्यांना म्हणाले, "झालं सांगून? आता म्हणा चौथं."

तात्यांनी म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मागून कुणाचाच आवाज येत नाही. त्यांनी मान वळवली. अख्खं विहार खाली मान घालून बसलं होतं. विटांच्या वर्गणीत नाव लावून विटा न दिलेले, गुळाच्या ओल्या ढेपा वरच्या थराखाली दडवणारे, कमिटीचे, बिनकमिटीचे. आबा चष्मा पुसत होते. खरं बोलणारी पुष्कळ माणसं होती त्या गावात, पण हे ऐकल्यावर चौथं शील तोंडातून काढायची छाती त्या दुपारी एकाचीही झाली नाही. भन्ते पुढच्या शीलाकडं वळले.

पाचवं, दारूला शिवणार नाही, हे मात्र सगळ्यांनी एका सुरात, दणदणीत म्हटलं. भिंतीशी खुर्चीवरून उठून भाऊसोंनी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. गुंडातात्यांनी ते हळूच म्हटलं. त्या बाबतीत त्यांना कुणालाच काही सांगायचं नव्हतं.